नातीचं डोकं कुणावर गेलं?

हसायचं तर एकदाच हसा आणि चहा संपवा. ही फजिती मी दुसऱ्यांदा सांगणार नाही.

माझी नात चिंगी. सातवीत आहे. डोकं असं की विचारू नका! एकदा ऐकलं की पाठ. आता हे डोकं आलं कुठून? माझ्याकडून. दुसरं कुठून येणार? मी चौथीपर्यंतच शिकलो, पण हे शाळेचं काम नाही, रक्ताचं आहे. कालवड घ्यायची तर माणूस आधी तिची आई बघतो. तसंच हे.

हे मी घरात बोललो, तर सून म्हणाली, "मग मामंजी, चिंगीची आई मीच की!"

"कालवडीची गोष्ट येगळी!" मी विषय संपवला.

सून काष्टी गावची. बोलण्यात कुणाला हार जात नाही. तिचं म्हणणं, पोर घरात जे बघते, ऐकते, त्यानंच हुशार होते. वर्षभर हा वाद चालला. मी हरणारा माणूस नाही.

परवा शाळेतून निरोप आला. मोठ्या बाईंनी घरच्यांना बोलावलंय. स्कॉलरशिपचा निकाल लागायचा होता. मी ओळखलं! फेटा बांधला. सुप्याच्या बाजारातून पेढे आणले.

"मामंजी, काय झालंय ते तरी इचारू आधी," सून म्हणाली.

"इचारायचं काय त्यात? माझी नात हाय ती! चल."

बाईंच्या खोलीत चिंगी मान खाली घालून उभी. मला वाटलं, नम्रपणा! तोही माझाच.

बाईंनी बसताक्षणी विचारलं, "आबा, हिच्यात हे गुण आले कुणाचे?"

कान तृप्त झाले हो! "माझे!"

"घरी कुणी शिकवलं?"

"शिकवावं लागतंय व्हय? रक्तात हाय!"

"म्हणजे तुम्हीसुद्धा हे करता?"

"लहानपनापासून! माझा बाप करायचा, आजा करायचा. सबंध गाव वळखतं आमाला त्यापायी."

बाईंनी चष्मा काढला. "आणि कुणी अडवलं नाही?"

"कुनाची छाती हाय?"

सुनेनं बाही ओढली. मी झटकली. जिंकत असताना थांबतो का कुणी? पेढ्यांचा पुडा बाईंपुढं सरकवला. "तोंड गोड करा. ह्यात अजून लई पुढं जानार हाय ती!"

"अजून पुढं?" बाई खुर्चीतून उठल्याच. "अहो, काल हिनं माईकवरून माझ्या आवाजात शाळा सुटल्याचं जाहीर केलं! पोरं गेली ती गेली, मागोमाग दोन गुरुजीही घरी गेले!"

आता काय करता? बापाला आणि आज्याला मध्ये ओढून बसलेलो. माघार घेतली असती तर सून जिंकली असती. म्हणालो, "गुरुजी फसले, म्हंजे काम चोखच झालं की!"

बाईंना हसू आवरेना. "एवढं रक्तात आहे, तर आबांचा आवाज काढून दाखव गं."

चिंगी खाकरली. माझंच खाकरणं! "ए सूनबाई! च्या केलाय का गरम पानी? साखर काय म्हायेरी धाडली?"

बाहेरचा शिपाई "साखर आणू का आबा?" म्हणत आत डोकावला. माझी छाती फुगली. "बघा! रक्त बोलतंय नुसतं!"

"न्हाई आबा," चिंगी म्हणाली, "आईकडनं शिकले मी. आई रोज सैपाकघरात तुमचा आवाज काढती. माझ्यापेक्षा लई भारी!"

सून पदराचं टोक पिळत भिंतीकडे बघू लागली. बाईंनी एक पेढा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "मग आबा? रक्त का शिकवण?"

मी फेटा सावरला.

"शिकवन तिची असू द्या. पन नक्कल कुनाची करत्यात दोघी? माझ्यावाचून जमलं असतं का?"