हळदीचं बोट

नव्या ओट्याखालच्या कपाटांसाठी सुताराने सनमायकाचे दोन तुकडे आणले. पांढरा मला आवडला, म्हणजे तो बाद होणार हे नक्की. बायकोने दोन्हींवर तेलात कालवलेल्या हळदीचं बोट ओढलं आणि संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसलं. राखाडी लख्ख झाला. पांढऱ्यावर फिकट पिवळी रेघ राहिली.

"राखाडीच घ्या, वहिनी," सुतार म्हणाला. मीही जाणकारासारखी मान डोलावली.

ती मात्र राखाडी तुकडा उजेडात धरून बघत राहिली. "इथे जन्मभर रांधलं तरी हा कोराच दिसेल हो."

माझ्या शर्टावरच्या डागांशी भांडणारी बाई ती हीच का? माणसाला कुठला डाग हवासा वाटेल, कुणी सांगावं!

पिवळ्या रेघेवरून अंगठा फिरवत ती सुताराला म्हणाली, "पांढराच लावा."