झाकलेलं पान

खोडायचं बटण दाबण्याआधी सर दोन्ही हात कीबोर्डवरून उचलायचे, चटका बसल्यासारखे. मग ठरलेलं वाक्य, "ताई, मागं कोणतं पान उघडं हाय?"

केडगावला माझा कॉम्प्युटर क्लास होता. इंटरनेट नुकतंच आलेलं. सर तिसगावचे, माझ्याकडे शिकवायचे. ब्राउझरमध्ये मराठी लिहिता येईल अशी पानं त्यांनीच बनवलेली. गोम एवढीच, की एका पानाआड दुसरं झाकलेलं असलं, की बटणाचा हुकूम कुणाला जाईल याचा नेम नसे. झाकलेलं पान कधी ऐकायचं, कधी नाही. ऐकलं तरी ब्राउझर चकार शब्द काढायचा नाही.

"न्हाई म्हणणारं परवडलं, ताई. गुपचूप करणारं लई वाईट."

"भूत बसलंय का हो त्यात?" मी चिडवायचे. सर हसायचे, पण हात वरच. अशी भित्री माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण हसतो झालं.

पुढं त्यांच्या वडिलांच्या, आबांच्या, घशाचं ऑपरेशन ठरलं. आवाज जाणार, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. आबांनी धम्म घेतला तेव्हापासूनची सगळी हकीकत सरांना सांगितली होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर सकाळपासून ती टाइप करत होते. दुपारी क्लासची जाहिरात बदलायला त्यांनी हकिकतीच्या पानावरच तिचं पान उघडलं, जुना मजकूर निवडला आणि घाईत बटण दाबलं. हात न उचलता.

जाहिरात जशीच्या तशी राहिली.

मग खोडलं काय?

"मागचं सेव्ह केलंय ना?"

"न्हाई." सर पांढरेफटक पडले होते.

"बघू का?"

"नका. मला न्हाई बघवायचं. आबांना परत इचारतो. आजचा दिवस आवाज हाय." आणि ते नगरच्या दवाखान्याकडे पळाले.

ते गेल्यावर मी भीत भीत समोरचं पान बाजूला केलं. मागं सगळं शाबूत होतं. ब्राउझरनं ऐकलंच नव्हतं. फ्लॉपीवर घेऊन मी दवाखाना गाठला, तर भेटीची वेळ संपलेली. वॉचमननं आत सोडलं नाही.

सकाळी मी गेले तेव्हा आबांना ऑपरेशनसाठी आत नेलेलं. सरांनी फ्लॉपी दोन्ही हातांत धरली आणि ते तिथंच फरशीवर बसून रडले.

"काल काही सांगितलं का आबांनी?" मी विचारलं.

"न्हाई. दमले हुते. 'एकदा सांगितलंय की,' म्हनले. मग नुसतं माझं नाव घेत राह्यले." त्यांनी फ्लॉपीकडं पाहिलं. "ते ह्याच्यात न्हाई, ताई."

आबांचा आवाज गेला. सर त्यांच्यापाशीच राहिले, पुन्हा क्लासला आले नाहीत.