काचेआडची भजी

परवा भुकूमजवळ, गाडीतून न उतरता खाणं घेता येईल अशी नवी खिडकी पाहिली. तळणाच्या वासाने मुळशीच्या वाटेवरची एक जुनी दुपार आठवली. आमची पहिली गाडी तुमचे आजोबा चालवत होते. मागे मी आणि तुमची पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई. चारचौघांत बसून त्यांनी बाहेरचं कधीच खाल्लं नव्हतं.

अमेरिकेत घरोघरी मोटारी आल्या, तसं हॉटेलवाले खाणं मोटारीपाशीच आणून देऊ लागले, असं मी मासिकात वाचलं होतं. म्हणून वाटेतल्या एका भज्यांच्या टपरीसमोर मी तुमच्या आजोबांना हॉर्न वाजवायला लावला.

टपरीवाल्या मावशी बाहेर आल्या. "उतरा की! बाकडं मोकळं हाय."

"भजी इथेच द्या," मी म्हणाले.

"पाय दुखत्यात व्हय?" म्हणत त्यांनी कागदात भजी आणून दिली.

"काच वर कर," सासूबाई मला म्हणाल्या आणि खाऊ लागल्या. तेव्हा मला माझ्या अमेरिकन युक्तीचं कौतुक वाटलं. आज वाटतं, त्यांना इतकी वर्षं फक्त आडोसा हवा होता.

पुडा संपला. सासूबाईंनी स्वतःच काच खाली केली आणि हाक मारली, "अहो बाई, अजून आणा. तळलेल्या मिरच्याही टाका."