खुर्चीत बसवलेली मावशी

खुर्सीपारच्या कामगार वस्तीत मी म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालायचं काम करते. ज्या घरातली माणसं सकाळीच पोलादाच्या प्लांटच्या ठेक्यावर किंवा दुकानावर निघून जातात, तिथे मला बोलावतात. या कामात फार बोलावं लागत नाही, म्हणून मला ते बरं वाटतं.

एका घरी एक मावशी होती. आमच्यासारखीच नागपूरकडून इकडे हिंदी मुलखात आलेली. नवरा रेल्वेत गँगमन होता, त्याला जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. मुलगा प्लांटमध्ये ठेक्यावर, सून सिविक सेंटरच्या बाजारात एका दुकानात. कंबर मोडल्यापासून मावशी पलंगावरून उठली नव्हती. मी नऊला जाऊन तिला पुसून काढायची, कूस बदलून द्यायची, पाण्याची बाटली हाताशी ठेवून निघायची. मग संध्याकाळपर्यंत ती आणि समोरची भिंत.

त्या वर्षी कळलं, की शहरात म्हाताऱ्यांसाठी सरकारी सेवाघर होणार आहे. पलंग किती लागतील ते ठरवायला एक मॅडम घरोघर फिरणार होती. ज्यांना उठता येत नाही त्यांची नावं ती लिहिणार, आणि त्या हिशोबाने पलंग मंजूर होणार. पाठ पुसताना मी हे मावशीला सांगितलं.

"माहं नाव लिवाले लाव वं," ती म्हणाली. "तिथं दिवसभर कोणी तं बोलन. पोराले नको सांगू, त्याले वाईट वाटन."

मी मान हलवली.

मॅडम येणार त्या सकाळी मला चार घरांतून निरोप आले, की आज लवकर ये, चांगले कपडे घालून दे. बाहेरचं कोणी येणार असलं की आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला न्हाऊ घालून पुढच्या खोलीत बसवतात. पडलेलं माणूस परक्याला दिसलं तर मुलासुनेची अब्रू जाते. मी चारही घरी न्हाऊ घातलं, केस विंचरले, पाठीशी उशा दिल्या. मावशीला मुलाने आणि मी उचलून खुर्चीत ठेवलं. घसरू नये म्हणून पोटावरून ओढणी बांधली आणि वरून पदर घेतला. तिला दुखत होतं, ओठ घट्ट मिटलेले होते. मला वाटलं, मॅडम शिकलेली आहे, तिला दिसेलच.

मॅडम तरुण होती, थकलेली होती, हिंदी बोलत होती. घरं दाखवायला तिने मलाच सोबत घेतलं. घरोघरी सगळे सांगत होते की आमचं माणूस चालतं-फिरतं. मावशीच्या मुलाने तर चहा देताना आई भाजी आणायलाही जाते म्हणून सांगितलं. मॅडमने मावशीच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळली.

"दीदी, आप तो रोज़ आती हैं। ये अपने से उठ जाती हैं?"

मुलगा समोर उभा होता. मावशी माझ्याकडे पाहत होती. चार माणसांत कोणी काही विचारलं की माझ्या कानात गरम होतं, आणि ते कसंही करून संपावं एवढंच मला वाटतं.

"उठती हैं," मी म्हणाले.

त्यानंतर आठ दिवस मावशी माझ्याशी बोलली नाही. हात वर कर म्हटलं तर करायची, बस. शेवटी मी मॅडमचं ऑफिस शोधून काढलं. दोनदा दारातून परत आले, तिसऱ्यांदा आत जाऊन खरं सांगितलं. यादी अजून पुढे गेली नव्हती. मॅडम रागावली नाही, त्याच दुपारी माझ्याबरोबर आली. खोलीत वास भरला होता. मावशी कशी पडून आहे ते मॅडमला दिसलं. फक्त फॉर्मवर तिची संमती हवी होती. अम्मा, तिथे राहायला जाल का, असं तिने हिंदीत विचारलं.

मावशीला हिंदी चांगली येत होती. तरी ती छताकडे पाहत मराठीत म्हणाली, "मी तं उठते. हिलेच विचारा."

मॅडमने माझ्याकडे पाहिलं. काय म्हणाल्या, तिने विचारलं.

मी शब्दाला शब्द लावून हिंदीत सांगितलं. मागच्या वेळी खोटं बोलले होते, म्हणून या वेळी एक अक्षरही बदललं नाही. मॅडमने फॉर्म संमतीशिवायच फाईलमध्ये ठेवून दिला.

सेवाघर झालं. बसायला मोठी खोली आहे, बाकं आहेत, बागेत फिरायला फरशी आहे. पलंग थोडेच. आमच्या वस्तीत सगळे चालते-फिरतेच निघाले होते.

मावशी पुढच्या उन्हाळ्यात गेली. शेवटची आंघोळ घालायला मुलाने मलाच बोलावलं. "तिले तुमच्याच हातची आंघोळ आवडे, ताई," तो म्हणाला, आणि रडायला लागला. मी पाणी ओतत राहिले.

त्या घरात आता दुसरे भाडेकरू आहेत. मी त्या बोळातून जायचं टाळते. कधी जावंच लागलं तर त्या खिडकीतून मला ऐकू येतं, कोणीतरी मॅडमला हिंदीत सांगतंय, की अम्मा हो म्हणतात, त्यांना जायचं आहे. आवाज माझाच असतो.