हेकटाचा पार्ट

मी शिकलो तिसरीपर्यंत. तरी आमच्या गावची दंडार पुष्कळ वर्षं मीच लिहिली. ज्याला पटत नसेल त्यानं गावात येऊन विचारावं. दंडार म्हणजे आमच्याकडचं नाटक. दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, पाहुणे येतात आणि दुपारी झाडाखाली दंडार उभी राहते. ही गोष्ट आमचा मुलूख मध्य प्रदेशात मोडायचा तेव्हाची.

त्या साली मी एक हेकट शेतकरी लिहिला. बायकोला बंडीत, म्हणजे बैलगाडीत, बसवून तो लग्नाला निघतो. फाट्यावर बायको म्हणते, रस्ता चुकला. हा म्हणतो, रस्ता चुकला असेल, मी नाही! शेवटी भलत्याच गावी पोचतो. चुकलो म्हणायला नको, म्हणून अनोळखी घरात शिरून सांगतो, "मुलगी पाहायला आलो जी." मुलगा कुठं आहे? तर तो अजून जन्मायचाच आहे.

हा माणूस कुठून आणला असं कोणी विचारलं की मी म्हणत असे, "पाहण्यातला आहे." ते खोटं नव्हतं. रोज दाढी करताना पाहतच होतो.

मंडईत लोक पोट धरून हसले. मग एकेक जण पुढं बसलेल्या माझ्या सासऱ्याकडे बोट दाखवू लागला, कारण हट्टीपणात त्यांचं नाव चार गावांत होतं. ते ताडकन उठले, आमच्या घरी आले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "बांध गाठोडं!"

"मामाजी, तो पार्ट तुमचा नाही जी," मी म्हणालो.

"मंग कोनाचा होय? नाव सांग."

मी धोतराचा सोगा झटकू लागलो. बायको माझ्याकडे पाहून राहिली होती. खऱ्या बंडीत माझ्या मागं तीच बसली होती ना! जाताना हळूच म्हणाली, "तुमच्या तोंडानं सांगाल, तवाच येईन."

पंधरा दिवस मीच रांधलं. भात करपला की म्हणायचो, मला असाच आवडतो. पण घरात ऐकायला कोणी नव्हतं. सोळाव्या दिवशी सासुरवाडीला गेलो. सासरे ओट्यावर चार शेजाऱ्यांत बसले होते.

"मामाजी, तो मानूस मीच होय."

"लबाड नोको बोलू. एवढा येडा, बैताड जवाई केला काय मी? पारखून पोरगी देल्ली!"

आता आली पंचाईत. कबूल केलं तरी पटेना! मी चिडलो. "मी बैताडच आहो," म्हणालो, आणि कोणतं गाव, कोणतं घर, चहा कोणी दिला, सगळं ओरडून सांगितलं.

आतून बायकोचा आवाज आला, "मुलगी पाळन्यात होती, तेही सांगा."

शेजारी ओट्यावरून पडायचे राहिले. सासऱ्यांनी मिशीत हसू दाबलं. "ने आपल्या बायकोले. पन पुढच्या मंडईत तो पार्ट तूच करजो."

केला. माझंच धोतर, माझीच बंडी, माझेच शब्द. खेळ संपल्यावर गावातला एक म्हातारा जवळ आला. "लिवलं बेस बा," म्हणाला, "पन पार्ट तुले जमला नाही. असा मानूस रायते काय कुठी? पुढच्या साली तुह्या सासऱ्याले देजो."

बायको शेजारीच उभी होती. तिनं तोंडात पदर कोंबला.

मला विचाराल तर पार्ट जमला होता. त्या म्हाताऱ्याला नाटकातलं काही कळत नसे.