मळीच्या वासावरून वाडीपर्यंत

कोल्हापूरला लोक अंबाबाईसाठी जातात, कुस्त्यांसाठी जातात, निदान तांबड्या रश्श्यासाठी तरी जातात. मी मळी बघायला गेलो. कॉलेजातला दोस्त विनायक तिथं एका साखर कारखान्यात केमिस्ट आहे. 'काहीतरी जमलंय, ये,' असा निरोप आला. आमच्या घरातून शेरा मिळाला, "जाच. त्यांचं काही जमलं म्हणजे बघण्यासारखं असणार."

मीटरगेजच्या गाडीत हाडं खिळखिळी होतात. जाणाऱ्यांनी उशी न्यावी. स्टेशनावर टांगेवाल्याला कारखान्याचा पत्ता विचारला.

"पावणं, नाक हाय न्हवं? मग पत्ता कशाला? आठ आणे द्या, वास येईल तिकडं जाऊ की!"

उसातली साखर काढून घेतल्यावर उरतो तो काळा, चिकट पाक म्हणजे मळी. ती खड्ड्यांत सडत होती आणि विनायकचं बिऱ्हाड नेमकं वाऱ्याच्या वाटेवर. चहा त्यानंच केला, म्हणून विचारलं, "वहिनी?"

"नरसोबाच्या वाडीला, माहेरी. हा वास सोसेना तिला. दिवाळीपासून तिकडंच आहे."

मग प्रयोगशाळा. मळी आंबवून स्पिरिट काढतात. (दारूबंदीच्या राज्यात हे हळू वाचावं.) त्यात शेवटी एक उग्र तेल उरतं, ते ओतून देतात. विनायकनं त्याच तेलात आम्ल घालून, उकळून एक लहानशी बाटली भरली होती. बूच काढलं आणि खोलीभर पिकल्या केळ्यांचा घमघमाट!

"मोटारीच्या रोगणात लागतं हे. लेकाचे परदेशातून आणतात!" मग आवाज खाली आला. "जाताना वाडीला जा. तिला दे. म्हणावं, त्याच मळीचं आहे. आता तरी ये."

"तू का जात नाहीस?"

"भट्टी कोण बघणार?"

जयसिंगपूरला उतरून वाडीची बस मिळते. बसायला जागा मिळेलच असं नाही. दर्शन झाल्यावर बासुंदी खावी. मी आधी खाल्ली, कारण पुढच्या कामाची धास्ती होती.

वहिनींनी बाटली हुंगली. "अगंबाई, केळी!" हसल्या. मग बूच घट्ट लावलं.

"भावोजी, वासाला कंटाळून नाही आले मी. तो तर तिथल्या साऱ्याच बायका सोसतात. टाकलेल्या मळीचं काय करावं हे ह्यांना झोपेतही सुचतं. मला न्यायला यावं, एवढं मात्र सुचलं नाही. हे आले असते, तर मी त्या मळीतून चालत गेले असते."

जयसिंगपूरला पुण्याची गाडी उभी होती. मी कोल्हापूरची धरली.

सगळं ऐकून विनायकनं एवढंच विचारलं, "बाटली ठेवून घेतली?"

"घेतली."

त्यानं भांड्याखालची आच बंद केली.

"सायेब, अजून व्हायचं हाय की त्ये!" मदतनीस ओरडला.

"व्हय," म्हणत विनायक टेबलाखाली चपला शोधत होता.

घरी आल्यावर बायकोनं सगळं खोदून विचारलं. "मग? गेले का ते?"

"चपला घालेपर्यंत मी होतो."

"पत्र टाकून विचारा की."

अजून विचारलेलं नाही. विचारत नाही तोवर तो माझ्यासाठी वाडीच्या बसमध्ये आहे, उभा का होईना.