फुकट, पण मोकाट नाही

"फुकट हाय, पण मोकाट नाही." कॉलेजातल्या गणिताच्या कम्प्युटर खोलीला कुलूप लावताना सर रोज हे म्हणत. कुलूप तीनदा ओढून पाहायचे, किल्ली शर्टाच्या आतल्या खिशात टाकायची आणि समोर कुणी नसले तरी हे बोलायचे. बहुतेक वेळा समोर मीच असे, पोछ्याची बादली घेऊन. मी मान हलवत असे. सहा वर्षांत मी सरांशी मान हलवण्यापलीकडे फारसे बोलले नव्हते.

फुकट काय होते, ते सांगते. खोलीतल्या अकरा कम्प्युटरांवर गणिताचे प्रोग्राम होते. समीकरण टाकले की उत्तर काढणारे, आकडे दिले की आलेख काढणारे. कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांनी ते बनवले आणि कुणीही वापरा म्हणून सोडून दिले, असे पोरे आपसात बोलत. सरांच्या तोंडून ऐकले तर वाटे, हे सगळे त्यांनीच भंडाऱ्याच्या बाजारातून पाणी भरायच्या पितळी गुंडासारखे वाजवून आणले आहे.

असा माणूस तुम्हीही कुठे ना कुठे पाहिला असेल. सार्वजनिक नळावर हात ठेवून उभा राहतो आणि पाणी आपल्या घरचे असल्यासारखे देतो.

खोलीत यायचे तर चप्पल बाहेर आणि अर्ज आत. प्रोग्रामची प्रत घरी न्यायची तर वेगळा अर्ज, त्यावर वडिलांची सही. तारीख उजवीकडे नसली तर अर्ज परत. एका पोराने विचारले, नेटवरून उतरवून घेऊ का. सर म्हणाले, नेटवरचे चालत नाही, परीक्षकाला बरोबर कळते. मान्य प्रत एकच, त्यांच्या कपाटातल्या पेनड्राइव्हवरची. तो पेनड्राइव्ह ते रुमालात बांधून ठेवत.

दसऱ्याला त्यांनी सगळ्या कम्प्युटरांची पूजा केली. हळदीकुंकू वाहिले आणि कीबोर्डांवर मूठ मूठ अक्षता टाकल्या. तांदळाचे दाणे बटणांखाली गेले. दोन आठवडे निम्म्या कम्प्युटरांवर सात उमटत नव्हता. पोरांनी तक्रार केली तर सर म्हणाले, "मंग साताशिवायचे गणितं करा." दाणे मी सुईने एक एक काढले. सर दारात उभे राहून, जपून करा बाई, यंत्र आहे, असे सांगत होते.

खिडकीजवळचा कम्प्युटर कुणा पोराने मराठीत करून ठेवला होता. पडद्यावर सगळे मराठी. तो परत इंग्रजीत कसा करायचा ते सरांना येईना, आणि पोरांना विचारायची लाज. शेवटी त्यांनी त्यावर कागद चिकटवला, "बिघडलेला आहे." मराठी बोलतो म्हणून बिघडलेला. मला मात्र त्या खोलीत वाचता येईल असा तोच एक होता. पडदा पुसताना एकदा कुणी उघडा टाकलेला प्रोग्राम दिसला. त्याच्या पहिल्या चौकटीत लिहिले होते, हा प्रोग्राम मुक्त आहे, तुम्ही तो वापरू शकता, त्याची प्रत कोणालाही देऊ शकता. मी फडके हातात धरून ते तीनदा वाचले. मग पडदा पुसला आणि बादली उचलली.

आसगावहून एक पोरगी एसटीने यायची. शेवटच्या वर्षाला होती. तिचा प्रोजेक्ट गावातल्या बोडीवर होता. बोडी म्हणजे धानाच्या शेताला पाणी देणारे लहान तळे. पाऊस थांबल्यावर त्यातले पाणी किती धानाला किती दिवस पुरेल, हे तिला काढायचे होते. खोली मात्र सर दुपारची झोप आटोपून तीनला उघडत, आणि तिची परतीची बस साडेतीनला. घरी भावाचा जुना लॅपटॉप होता, त्यावर प्रोग्राम मिळाला असता तर काम झाले असते. तिने तीन अर्ज दिले. पहिल्यात तारीख डावीकडे होती. दुसरा रेघांच्या कागदावर होता. तिसऱ्यावरची वडिलांची सही सरांना वडिलांची वाटली नाही.

प्रोजेक्ट जमा झाला नाही तर वर्ष जाणार होते, आणि वर्ष गेले तर बसचा पास बंद, असे तिला घरून सांगितले होते. हे ती नळावर तोंड धुताना मला म्हणाली. रडलेले लपवायला तोंड धूत होती.

"खिडकीजवळचा बिघडला नाही," मी म्हणाले. "सकाळी ये. हाफिसातली दुसरी किल्ली घेऊन मी पोछा मारते तवा खोली उघडी असते. अंदर काय लिवलं हाय ते तूच वाच."

ती आली. वाचले. आपला पेनड्राइव्ह लावला आणि प्रत उतरू लागली. नेमके त्या दिवशी सर सकाळी आले.

"चोरी करून राहिली?" ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहिले. "अन् तुमी बी, बाई?" हिचा प्रोजेक्ट आता जमा होत नाही, पाहू कोण करून घेते, असेही म्हणाले. पोरगी उभी राहिली. मी ओल्या फरशीकडे पाहत होते.

"सर, तिथं लिवलं हाय जी," मी म्हणाले. "कोणालेही देता येते म्हणून."

"कुठं?"

मी बोट दाखवले. सर वाकले. ओठ हलवत त्यांनी ती चौकट वाचली, वरून खाली, पुन्हा वरून. "अन् हे इंग्रजीत काहून नाही?" ते म्हणाले.

"इंग्रजीतबी हाय ना, सर," पोरगी हळूच म्हणाली. "सगळ्यायवर हाय."

बाकीच्या दहा कम्प्युटरांवर हीच चौकट इतकी वर्षे इंग्रजीत उघडत होती. सर सरळ झाले. "मले माहीत हाय," ते म्हणाले. "तुमी वाचता का नाही, तेच पाहून राहिलो होतो." मग नोंदवहीत तिच्या नावापुढे लिहिले, "परवानगीने."

आठवड्याभरात सगळ्या पोरांकडे प्रती गेल्या. अर्ज थांबले. सर तीनला दार उघडून बसत, कुणी येत नसे. एकदा मी आत गेले तर त्यांनी तोच प्रोग्राम उघडला होता. सगळी चौकट कोरी, वर एका ओळीत दोन अधिक दोन लिहिलेले. खाली चार आले होते. सर त्या चाराकडे पाहत होते. तेव्हा मला कळले, यापलीकडे त्यांना त्यातले काही येत नव्हते. मला हसू यायला पाहिजे होते. थोडे आलेही.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. नारळ आणि शाल मिळाली. आसगावची पोरगी पास झाली होती. ती आली, बांधलेल्या प्रोजेक्टची एक प्रत सरांना दिली, पाया पडली आणि बससाठी पळाली. आत सगळे इंग्रजी, आकडे आणि आलेख. आभाराचे पान तेवढे मराठीत. सर ते उघडून बसले. बोट ओळींवरून खाली गेले, परत वर आले. त्यांनी पान उलटले, मागे काही नव्हते. मग प्रत माझ्यापुढे धरली.

"बाई, पाहा बरं, माहं नाव कुठं हाय."

मी वाचले. प्रोग्राम बनवून जगाला देऊन टाकणाऱ्या, नावे माहीत नसलेल्या माणसांचे आभार. बोडीत बांबू धरून पाण्याची खोली मोजणाऱ्या काकाचे. बस दोन मिनिटे थांबवणाऱ्या कंडक्टरचे. मी पुन्हा पहिल्यापासून वाचले.

"अक्षर लय बारीक हाय जी," मी म्हणाले. "मले दिसून नाही राहिलं."

"तेच म्हणतो," सर म्हणाले. "मलेबी नाही दिसलं." त्यांनी प्रत शालीत गुंडाळली, नारळ काखेत धरला आणि एक एक पायरी पाहत जिना उतरले.